ती चक्की मी पाहिलीसुद्धा नव्हती

आधी माफी मागते. माझं अक्षर फार वाईट आहे आणि लिहिण्यात चुका आहेत. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही अर्धी घरकामात. वेलांटी पहिली की दुसरी हे तेव्हाही कळत नव्हतं, आता या वयात कुठून कळणार? ओळ सरळ जात नाही, खाली उतरत जाते. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. गव्हाच्या कोठीमागे ठेवते. तरी कधी कोणाच्या हाताला लागलीच, तर चुका पोटात घालाव्यात.

लिहिते आहे कारण जे झालं ते मला कोणाला धड सांगता आलं नाही. चार माणसं समोर असली की माझा आवाज निघत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, मुकी दिली की काय आम्हाला. कोणी काही विचारलं की मी मान हलवते. मनात हो असो की नाही, मान मात्र हो म्हणूनच हलते.

मी लांब रोट्या करते. बेसा रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये आमचं घर आहे, मागच्या अंगणात चूल आहे आणि चुलीवर मडकं पालथं घातलेलं असतं. कणीक इतकी सैल भिजवायची की हातावर घेतली की ती आपल्या वजनानं खाली उतरावी. मग दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवत फिरवत तिला लांब करायची आणि अलगद मडक्यावर टाकायची. रुमालासारखी पातळ होते. हे काम मी माझ्या आत्याकडून शिकले आणि तीस वर्षं करते आहे. लोक घरी येऊन ऑर्डर देतात. मला बोलावं लागत नाही, किती रोट्या आणि कोणत्या दिवशी, एवढंच ऐकायचं असतं.

फोन माझ्या हातात सुनेनं दिला. ती काटोलची आहे, इथे एका दुकानात बिलं करते. तिनं शिकवलं की लिहिता येत नसेल तर फोनला बोलून विचारायचं. घरात कोणी नसताना मी बोलून पाहिलं. त्या वर्षी कळमन्याच्या बाजारातून आणलेला गहू नवा होता आणि रोटी हातावरच फाटत होती. मी फोनला विचारलं, लांब रोटी फाटते, काय करू? फोननं इतकं काही दाखवलं की मी घाबरले. कोणी टोपीवाला मोठ्या कढईत काही तळत होता, कोणी बाई नटूनथटून बोलत होती आणि मागे गाणं वाजत होतं. दुपारभर पाहिलं. एकानंही हात पिठात घातलेला नव्हता.

संध्याकाळी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "आई, फोनले नका विचारू. ज्याले माहीत आहे अशा माणसाले विचारा का तू फोनवर कोणाचं पाहतं म्हणून."

हे माझ्या डोक्यात बसलं. आमच्या भिशीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळ्या त्यांना बाई म्हणतात. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं. त्यांनी त्यांच्या बहिणीला विचारलं आणि बहिणीनं एका म्हाताऱ्या आजीचा व्हिडिओ पाठवला. गाणं नाही, काही नाही. आजी भिंतीला टेकून बसली होती आणि एकच गोष्ट सांगत होती. नव्या गव्हाची कणीक भिजवली की वरून पाणी घालून झाकून ठेवा, दोन तास विसरून जा, मग वरचं पाणी काढून मळा. मी तसं केलं आणि रोटी फाटली नाही. फोनवर हजार माणसं होती, पण बरोबर सांगणारी ती एकच होती, आणि ती मला माणसांनी शोधून दिली.

आमच्या भिशीत मग ही रीतच पडली. आम्ही बारा बायका आहोत. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बसतो. चिठ्ठी निघाली, चहा-चिवडा झाला, की बाई विचारायच्या, "चला, कोणाला काय हवंय?" मग एखादी म्हणायची, गुडघ्याचा व्यायाम कोणाचा पाहावा, दुसरी म्हणायची, राशन कार्डाचा फॉर्म भरायची खरी जागा कोणती. जिनं स्वतः केलं असेल, जिच्या घरात ती वस्तू असेल, तिनंच बोलायचं, हा बाईंचा नियम होता. फोनवरच्या चांदण्या आणि टाळ्या आम्ही मोजत नव्हतो. कोणी फसलं असं ऐकलं की आम्ही म्हणायचो, एकटीनं घेतलं असेल, कोणाला विचारलं नसेल. आम्हाला थोडा गर्वच झाला होता.

माझा व्हिडिओ निघाला तो एका लग्नाच्या ऑर्डरच्या वेळी. रोट्या न्यायला एक मुलगी आली होती, कॉलेजात शिकणारी. मी चुलीपाशी होते. तिनं फोन काढला. मी म्हटलं, "नको वं, तोंड नको घेऊ," आणि पदर ओढायला गेले तर हात कणकीत. मला हसू आलं. ती म्हणाली, "मावशी, फक्त हात घेते." तिनं हात घेतलेच, पण तोंडही घेतलं. नंतर सून म्हणाली की तो व्हिडिओ पुष्कळ लोकांनी पाहिला. मला दोन दिवस बाहेर पडायची लाज वाटली. मग ते विसरले.

आमच्या घरासमोर राहते तीही भिशीत आहे. मी तिला समोरची म्हणूनच लिहिते. पंचेचाळीसची असेल. ब्लाउज शिवते. तिच्या हातचा ब्लाउज अंगावर बसला की बसला. पण दीड वर्षापासून तिचे डोळे दुखायला लागले. सुई ओवताना ती पोरीला हाक मारू लागली. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. तिचा नवरा वॉचमन आहे, त्याच्या पगारात घर कसं चालणार? तिनं मनात धरलं होतं की घरगुती चक्की घ्यायची आणि लेआउटमधली दळणं करायची. लेआउटमध्ये गिरणी नाही, दळायला लांब जावं लागतं. भिशीचा तिचा नंबर लागला तेव्हा तिनं पैसे साडीच्या घडीत ठेवले आणि सगळ्यांना सांगितलं, "हे चक्कीचे. याले कोणी हात लावायचा नाही, मी बी नाही."

पुढच्या भिशीच्या दिवशी माझ्या घरी बसायचं होतं. मी चहा घेऊन आले तर समोरची फोन हातात धरून बसली होती. तिनं एका चक्कीचं नाव घेतलं, ऑनलाइन मिळते म्हणाली, दुकानापेक्षा स्वस्त. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काकू, चांगली आहे ना ती चक्की? घेऊ ना?"

अकरा बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्या चक्कीचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं, मी रोट्या करते, पिठातलं मला कळतं, म्हणून विचारते आहे. मला माहीत नाही, एवढं म्हणायचं होतं. हातात ट्रे होता, कप हलत होते. मी मान हलवली.

"झालं तर मग," ती म्हणाली. "काकू म्हणतात म्हणजे झालं."

कोणीतरी हसून म्हणालं, "काकू कुठं काही म्हणतात वं, मान हालवली हेच खूप."

मी आत निघून गेले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू. कोणी मला पहिल्यांदा एवढ्या बायकांत विचारलं होतं.

तीन आठवडे गेले असतील. सकाळची वेळ होती, मी मडकं घासत होते. समोरची अंगणातून सरळ आत आली. चप्पल काढली नाही. तिचे डोळे लाल झाले होते, आधी मला वाटलं दुखतात म्हणून.

"काकू, किती भेटले तुमाले?"

मी विचारलं, "काय वं?"

"पैसे. किती दिले त्याईनं तुमाले?"

मला काही कळेना. मी हात पुसत उभी राहिले. ती म्हणाली, "नऊ हजार आधी दिले. मग म्हणे गाडीभाडं, मग म्हणे टॅक्स, मग म्हणे इन्शुरन्स. साडेचौदा हजार गेले माये. चक्की नाही, काही नाही, फोन लावतो तर नंबर बंद. अन् तुमी इथं मडकं घासून राहिल्या!"

"मले काय माहीत?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"तुमाले नाही माहीत? हे पाहा."

तिनं फोन माझ्या तोंडासमोर धरला.

फोनमध्ये मी होते. माझी चूल, माझं मडकं, माझी निळी साडी. माझे हात कोपरापर्यंत कणकीत. बाजूला एक पांढरी चक्की ठेवलेली, जी माझ्या अंगणात कधी नव्हती. मी हसले, तेच हसू, त्या दिवशीचं. आणि मग मी बोलायला लागले.

मी हिंदी बोलत होते. न अडखळता, एका दमात. मेरी रोटी का राज़, मेरी बहनो, यही चक्की है. तीन साल से मेरे घर में है. तोंड माझंच हलत होतं. दात माझेच, डाव्या बाजूचा पडलेला दातही दिसत होता. आवाज कोणा दुसऱ्या बाईचा होता, पण तो माझ्या तोंडातून इतका नीट येत होता की क्षणभर मलाच वाटलं, हे मी कधी बोलले? माझ्या हातातून काथ्या पडला. मी खालीच बसले, ओल्या फरशीवर.

"हे मी नाही," मी म्हटलं.

"तुमी नाही? मग कोण हाय, तुमची बहीण?"

"मी नाही वं बाई. मले हिंदी येते का अशी? तू मले इतकं बोलताना पाह्यलं कधी?"

ती थांबली. हे तिच्या लक्षात आलं असावं. वीस वर्षं समोर राहते, माझ्या तोंडून तिनं सलग चार वाक्यं ऐकली नसतील. पण मग ती जे म्हणाली ते त्या व्हिडिओपेक्षा मला जास्त लागलं.

"बरं, हे नसन तुमी. पण भिशीत त मी तुमालेच विचारलं ना? तोंडातोंडी विचारलं. फोनवर भरवसा नाही ठेवला मी. म्हटलं, व्हिडिओत काकूच्या घरी हाय म्हणते, आत कुठं ठेवली असन, काकूलेच विचारून घेऊ. तवा मान काहून हालवली?"

ती रडत होती आणि मी खाली बसून तिच्या चपलांकडे पाहत होते.

सून आली तेव्हा मी तशीच होते. तिनं व्हिडिओ दोनदा पाहिला आणि कपाळावर हात मारला. तिनं सांगितलं की आता असं करता येतं, माणसाचं तोंड घेतात आणि त्यात पाहिजे ते शब्द घालतात. ज्या मुलीनं व्हिडिओ काढला तिचा काही दोष नसेल, कोणीही उचलू शकतं. मला हे समजत होतं आणि समजतही नव्हतं. कोणी घरात शिरून भांडं नेलं तर कळतं. तोंड कसं काय नेतात?

व्हिडिओच्या खाली लोकांनी काय लिहिलं आहे ते सुनेनं वाचून दाखवलं. मीच म्हटलं होतं, वाच. कोणी लिहिलं होतं, माताजी, तुम्हाला नमस्कार. कोणी लिहिलं होतं, अशी साधी बाई खोटं बोलणार नाही, आजच मागवली. ते वाचताना सुनेचा आवाज बदलला. "बस आता, आई," ती म्हणाली. पण माझ्या कानात ते राहिलं. कुठल्या गावची, कोण बाई, मला पाहिलेलं नाही, आणि माझ्या तोंडाकडे पाहून तिनं पैसे दिले. तिच्या घराची मला वाटही माहीत नाही. ती आली नाही भांडायला. समोरची निदान आली.

सुनेनं त्याच्याखाली लिहिलं की हे खोटं आहे, या माझ्या सासूबाई आहेत, यांच्या घरी ही चक्की नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर तिचं लिहिलेलं नव्हतं. पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं. मग तिला ते पानच दिसेना.

आम्ही तिघी पोलिसांत तक्रार द्यायला गेलो, समोरची, सून आणि मी. समोरची रिक्षात माझ्या बाजूला बसली नाही, पुढे बसली. तिथल्या साहेबांनी व्हिडिओ लावला, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोनकडे. मला वाटलं आता मलाच आत बसवतात. पण ते चांगले होते. म्हणाले, "मावशी, घाबरू नका, अशा तक्रारी आमच्याकडे रोज येतात." त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि हेही सांगितलं की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात गेलेले असतात, लवकर येतील अशी आशा धरू नका. समोरचीनं ते ऐकलं आणि पदराचं टोक तोंडात धरलं.

त्या रात्री माझ्या मुलानं स्पष्ट सांगितलं, "आपला काही संबंध नाही. तू फसवलं नाही कोणाले." ते खरं होतं. आणि मी मान हलवली होती, हेही खरं होतं.

पुढच्या भिशीला मी जाणार नव्हते. सून म्हणाली, "नाही गेल्या त सगळ्या म्हणतीन, घेतलेच असतीन पैसे." म्हणून गेले. भिशी बाईंच्या घरी होती. मी दारात चप्पल काढत होते तेव्हाच आतून ऐकू आलं, "आल्या बाप्पा हिरोइन." कोणी हसलं, कोणी गप्प झालं. समोरची कोपऱ्यात बसली होती, तिनं वर पाहिलं नाही. एक जण मला म्हणाली, "काकू, आता आमाले बी शिकवा ना हिंदी. कमिशन अर्धं अर्धं."

चिठ्ठी निघाली. चहा झाला. बाईंनी नेहमीसारखं विचारलं, कोणाला काय हवंय, पण कोणी बोलेना. मी उभी राहिले. का उभी राहिले माहीत नाही, बसून बोलता आलं असतं. भिंतीकडे पाहून बोलले, कारण माणसांकडे पाहिलं असतं तर शब्द फुटला नसता.

मी म्हटलं, "व्हिडिओ खोटा आहे. मी बोललीच नाही ते. पण हिनं मले विचारलं अन् मी मान हालवली. ती चक्की मी पाहिली बी नव्हती. नाव बी ऐकलं नव्हतं. मले माहीत नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून हिचे पैसे गेले. ते मी देईन."

माझ्या आयुष्यात मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. मला वाटलं आता सगळ्या तुटून पडतील.

मग बाई बोलल्या. त्या नेहमी ठणठणीत बोलतात, त्या दिवशी हळू बोलल्या. "मागे मी तुम्हा सगळ्यांना गुडघ्याच्या तेलाची ती साइट सांगितली होती ना? माझ्या घरी ते तेल नाही. माझ्या जाऊबाईंनी सांगितलं होतं. मी म्हणाले, मी वापरते."

आम्ही सगळ्या त्यांच्याकडे पाहत राहिलो. नियम त्यांचाच होता.

"बाई, तुमी म्हटलं म्हणून मी चार बाटल्या बोलावल्या," एक जण म्हणाली.

"माहीत आहे मला. म्हणूनच मग बोलले नाही."

आणि मग एकेक जण बोलायला लागली. जिनं पोराच्या अभ्यासाचं ॲप सांगितलं होतं, तिच्या पोरानं ते एक दिवसही उघडलं नव्हतं. साखर कमी करायचा काढा जिनं सांगितला, तिला तो कोणीतरी पाठवला होता, आणि ज्या बाईनं पाठवला तीही तिथेच बसलेली होती. ती म्हणाली, "अवं, मले त तूच सांगतला होता ना तो काढा!" दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. तू सांगितलास, नाही तू सांगितलास. शेवटी कोणालाच सापडेना की तो पहिल्यांदा कोणी करून प्यायला. कोणीच नव्हता प्यायला. आमच्या बारा जणींत तो काढा वर्षभर फिरत होता आणि प्रत्येक जण म्हणत होती, चांगला आहे.

मला तेव्हा जो धक्का बसला तो फोनमध्ये माझं तोंड पाहिलं त्यापेक्षा वेगळा होता. तिथे चोरानं माझं तोंड नेलं होतं. इथे आम्ही आपापल्या तोंडानं बोललो होतो. लाजेनं, नाहीतर आपल्याला कळतं असं दाखवायला, नाहीतर विचारणारीचं मन मोडू नये म्हणून. आम्ही समजत होतो की आम्ही माणसाला विचारतो म्हणून शहाण्या. पण माणूस कुठे खरं सांगत होता?

मग समोरचीनं वर पाहिलं. ती म्हणाली, "म्हणजे मलेच एकटीले पैसे द्यायचे होते का तुमच्या सगळ्याईच्या शिकवणीचे?" कोणाला हसू आलं नाही. बाईंनी मान खाली घातली.

निघताना तिनं मला फाटकापाशी गाठलं. "काकू, तुमी द्याल म्हटलं. कुठून देसान? रोट्या विकून?"

"हो."

"राहू द्या. तुमाले तरी काय भेटलं त्यातून?"

मी मान हलवणार होते. थांबले. म्हटलं, "नाही. देईन."

माझा भिशीचा नंबर आधीच लागून गेला होता, ते पैसे घराच्या छतात गेले होते. मुलाला मागायचे नव्हते. मी लग्नाच्या मोठ्या ऑर्डरी घ्यायला लागले, ज्या आधी घेत नव्हते, कारण तिथे माणसं फार असतात. लॉनवर मडकं घेऊन जायचे. लोक फोन काढायचे. मी आता हसत नव्हते. सरळ सांगायचे, "फोन ठेवा, नाही त मी रोटी टाकणार नाही." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा एक माणूस दचकला. मीही दचकले.

दर महिन्याला दीड हजार. मी जाऊन तिच्या हातात द्यायचे. पहिल्या महिन्यात तिनं घेतले आणि दार लावलं. दुसऱ्या महिन्यात चहा विचारला नाही. तिसऱ्यात विचारला, पण मी बसले नाही. उन्हाळ्यात लग्नं होती तेव्हा सोपं गेलं. पावसाळ्यात ऑर्डरी कमी झाल्या, दोन महिने अर्धेअर्धेच दिले, तेव्हा तिनं काही म्हटलं नाही, पण मोजले. मला तिचं मोजणं बरं वाटायचं. दान घेणारी माणसं मोजत नाहीत.

तिनं शिवणकाम सोडलं नव्हतं. दुपारी उजेड असेपर्यंत शिवायची. तिची पोरगी सुई ओवून, दहा दहा सुयांत दोरा घालून शाळेत जायची, म्हणजे आईला दिवसभर पुरतील. ते मी एकदा पाहिलं.

भिशीत आता विचारायची पद्धत वेगळी झाली आहे. कोणी काही सांगितलं की विचारतात, तुझ्या घरी आहे का, मग आम्ही येतो पाहायला. आणि खरंच जातात. फोनवरची माहिती असली तरी, ज्या बाईनं तसं केलं आहे तिच्या स्वयंपाकघरात जाऊन पाहतात. पुष्कळ वेळा उत्तर येतं, मला माहीत नाही. आधी ते ऐकायला विचित्र वाटायचं. बाईच सगळ्यात जास्त वेळा म्हणतात. काढ्याचा विषय निघाला की अजून दोघी जणी भांडतात. मात्र तो खोटा व्हिडिओ अजून कुठेतरी फिरतो. सुनेच्या ओळखीच्या एका बाईनं दूरच्या गावाहून तो तिला पाठवला, या तुझ्या सासूबाई ना म्हणून. आता त्यात माझ्या बाजूला चक्कीऐवजी कसलीशी पावडर आहे. सुनेनं तिला खरं काय ते लिहून कळवलं आणि मी विचारलं, तिनं घेतली तर नाही ना? तेवढंच मी करू शकते.

चक्की समोरचीनं शोधली, पण फोनवर नाही. तिच्या मावसबहिणीच्या घराजवळ एक बाई जुनी चक्की विकत होती, म्हणून गेली. जाताना पिशवीत पाच किलो गहू घेऊन गेली. तिथेच दळून पाहिले, पीठ बोटांत घासून पाहिलं, चक्की किती वेळात गरम होते तेही पाहिलं. मग ते पीठ घेऊन माझ्याकडे आली. "काकू, याची रोटी टाकून पाहा. अन् खरं सांगा."

मी भिजवलं. दोन तास झाकून ठेवलं. ती तेवढा वेळ माझ्या अंगणात बसून राहिली, बऱ्याच महिन्यांनी. मी मळलं, हातावर घेतलं. तिसरी रोटी काठाला फाटली. मी म्हटलं, "जरासं जाड निघून राहिलं पीठ. दगड घासला आहे."

"दुरुस्त होते का?"

"मले माहीत नाही. दगडवाल्याले विचार."

तिनं विचारलं. दगड दुरुस्त होत होता. चक्की विकणाऱ्या बाईनं दुरुस्तीचे पैसे कमी केले. माझे हजार रुपये द्यायचे राहिले होते आणि तिला तेवढेच कमी पडत होते. त्या आठवड्यात माझी एक तेरवीची ऑर्डर होती. ती संपवून मी घरी न थांबता सरळ तिच्याकडे गेले, साडीला राखेचा वास तसाच.

पाचशेच्या दोन नोटा होत्या. तिनं त्या उजेडाकडे धरून पाहिल्या, मग डब्यातून आधीचे काढले आणि सगळे एकत्र मोजले, एकदा मी मोजले, एकदा तिनं. साडेचौदा हजार झाले.

"झाले, काकू," ती म्हणाली. "पुरे झाले."